जुन्या फोटोतलं विमान ओळखायचं कसं आणि त्याचा माग काढायचा कसा

जुन्या फोटोत विमान दिसलं की पहिली नजर जाते ती त्याच्यावर रंगवलेल्या नंबराकडे. नंबर वाचता आला की काम फत्ते, असं वाटतं. खरं तर नंबर ही सगळ्यात शेवटी भरवसा ठेवायची गोष्ट आहे. नंबर रंगाने लिहिलेला असतो आणि रंग बदलतो. एकाच विमानाला आयुष्यात तीन-तीन नंबर मिळतात, तर कधी एका विमानाचा नंबर भलत्याच विमानावर रंगवलेला असतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी आकार, मग काळ, त्यानंतर नंबर आणि शेवटी कागदपत्रं. उलट्या क्रमाने गेलात तर वाचलेल्या नंबराला शोभेल असं विमान फोटोत दिसू लागतं, आणि मग ती चूक निघता निघत नाही.

आधी फोटो

प्रिंट पोस्टकार्डाएवढी असेल तर इंचाला ६०० ठिपके या हिशेबाने स्कॅन करा. सहा बाय नऊ सेंटिमीटरसारख्या छोट्या प्रिंटला १२०० लागतात आणि निगेटिव्हला किमान २४००. फाइल टिफमध्ये ठेवा. जेपेगमध्ये बारीक अक्षरांच्या कडांभोवती चौकटी उमटतात आणि ‘सी’चा ‘जी’ होतो. स्कॅनरची ‘शार्पन’ आणि ‘ऑटो’ ही बटणं बंद ठेवा. फोटो स्वच्छ करून देणारी एआयची अॅप तर या कामात वर्ज्यच समजा: ती खिडक्या आणि अक्षरं सरळ मनाने रंगवतात. ज्या फोटोत मुळात पाच खिडक्या होत्या त्यात सात दिसायला लागल्या तर ओळखणार काय? मागाहून रंग भरलेल्या फोटोतल्या रंगालाही पुरावा म्हणून शून्य किंमत आहे.

फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का सहसा खरा असतो. हाताने लिहिलेला मजकूर मात्र कित्येकदा वीस-तीस वर्षांनी कुणीतरी आठवणीने लिहिलेला असतो. शाई बॉलपेनची असेल आणि फोटो १९३५चा सांगितला जात असेल तर काय ते समजून जा. तुम्हाला स्वतःला मागे काही लिहायचं असेल तर मऊ पेन्सिल घ्या, दाब देऊ नका आणि कडेलाच लिहा. काळ्या पानांच्या अल्बममध्ये डिंकाने चिकटवलेला फोटो ओढून काढू नका. अख्खं पानच स्कॅन करा.

फोटो उलटा तर नाही ना, हेही इथेच तपासून घ्या. निगेटिव्ह पालथी ठेवून छापलेल्या प्रिंट वाटतात त्यापेक्षा बऱ्याच असतात. अक्षरं दिसत नसतील तर माणसांकडे बघा: वैमानिकाच्या गणवेशावरचे पंख आणि पदकांच्या फिती डाव्या छातीवर असतात. डाकोटा या दोन इंजिनांच्या जुन्या विमानाचं मागचं मोठं दारही डाव्याच बाजूला असतं.

आकार

चार प्रश्न विचारा. इंजिनं किती आणि कुठे? पंख धडाच्या वर की खाली? तिसरं चाक नाकाखाली की शेपटीखाली? शेपटीचे उभे पंख किती? भारतात दिसलेली बहुतेक प्रवासी विमानं एवढ्यावरच वेगळी होतात. फोटोवरून लांबी-रुंदी मोजण्याच्या भानगडीत पडू नका. फोकर एफ-२७, एव्हरो म्हणजे एचएस-७४८ आणि वायुदलाचं एएन-३२, या तिघांच्याही पंखांचा विस्तार २९ ते ३० मीटर. मापाने काही कळत नाही, रचनेने लगेच कळतं. फोकरचे पंख धडाच्या वर, एव्हरोचे खाली. दोघांचीही इंजिनं रोल्स-रॉइस डार्ट, त्यामुळे समोरून ती सख्खी भावंडं वाटतात. एएन-३२चे पंखही वरच, पण त्याची इंजिनं पंखांच्याही वर चढवलेली असतात. हे ध्यान एकदा पाहिलं की पुन्हा चुकत नाही.

डाकोटा आणि व्हिकर्स व्हायकिंग यांच्यात गल्लत होते. दोन्हींना दोन-दोन इंजिनं, दोन्हींचं तिसरं चाक शेपटीखाली. व्हायकिंगचं धड जाडजूड आणि पोट फुगलेलं, खिडक्या लंबगोल. डाकोटाचं धड निमुळतं आणि खिडक्या चौकोनी.

शेपटीला तीन उभे पंख आणि चार इंजिनं म्हणजे कॉन्स्टेलेशन. पुढचा प्रश्न: साधं की सुपर? खिडक्या गोल असतील तर साधं, म्हणजे एल-७४९. चौकोनी असतील आणि धड लांबलचक असेल तर सुपर, म्हणजे एल-१०४९. लांबीत साडेपाच मीटरांचा फरक आहे, पण फोटो तिरका असला की तो लपतो. खिडक्यांचा आकार लपत नाही.

त्रिकोणी, कडा गोलावलेल्या खिडक्या आणि दोन जेट इंजिनं शेपटीजवळ असतील तर ते इंडियन एअरलाइन्सचं कॅराव्हेल. चार जेट इंजिनं आणि शेपटीच्या टोकावर पुढे आलेला भाला असेल तर बोइंग ७०७. तो भाला म्हणजे रेडिओचा अँटेना. डीसी-८ला तो नसतो, त्यामुळे विदेशी विमानांच्या गर्दीत ७०७ निवडायला तो उपयोगी पडतो. ७४७मध्ये वरच्या मजल्याची लांबी बघा. मजला आखूड असेल तर ७४७-२००, लांब असेल तर ७४७-३०० किंवा ४००. आणि पंखांची टोकं वर वळलेली असतील तर ७४७-४००.

लढाऊ विमानांत सगळ्यात जास्त घोळ मिग-२१चा. महाराष्ट्राचा या विमानाशी संबंध जवळचा, कारण हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या ओझरच्या कारखान्यात ते बनत होतं. १९६३ पासून २०२५ पर्यंत भारतात त्याच्या अनेक आवृत्त्या उडाल्या, आणि फोटोखाली सरसकट ‘मिग-२१’ लिहून मोकळं होणं म्हणजे अर्धीच ओळख. तीन जागा तपासा.

पहिली, नाकावरची वेग मोजणारी लांब नळी, म्हणजे पिटो. अगदी सुरुवातीच्या एफ-१३ प्रकारात ती हवेच्या तोंडाच्या खालच्या ओठाला असते. त्यानंतरच्या एफएल प्रकारात ती वर, बरोबर मधोमध. एम आणि बिस या पुढच्या प्रकारांत वरच, पण वैमानिकाच्या उजव्या हाताला सरकलेली. दुसरी जागा पंखाखाली: एफएलला प्रत्येक पंखाखाली शस्त्रं टांगायचा एक खांब, एम आणि बिसला दोन. तिसरी, पाठ. एफएलची पाठ सडपातळ, एमची उंच, बिसची आणखी जाड. मात्र पाठीवरून एकट्याने निकाल देऊ नका, कॅमेऱ्याचा कोन फसवतो. पिटो आणि खांब जुळले तरच पाठीची साक्ष घ्या. नळी डावीकडे सरकलेली दिसली, तर तुमच्या हातातला फोटो उलटा छापलेला आहे.

नॅट आणि अजित या छोट्या लढाऊ विमानांतही खांबच कामाला येतात. अजितला पंखांखाली चार असतात. हंटर ओळखायला कॉकपिटखालचे दोन फुगवटे बघा. तोफा झाडल्यावर गोळ्यांच्या पट्ट्यांच्या कड्या त्यांत साठवल्या जात, म्हणजे त्या मागे उडून विमानाला लागत नसत. हंटरची हवेची तोंडं पंखांच्या मुळाशी असतात. मिस्टेअरचं तोंड थेट नाकात.

काळ

तारीख शोधू नका, हद्द शोधा. ‘याच्या आधीचा नाही’ आणि ‘याच्या नंतरचा नाही’ अशा दोन खुंट्या ठोकल्या की फोटो आपोआप चार-पाच वर्षांत बसतो.

वायुदलाच्या विमानावर गोल चिन्ह असतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ नंतर, आपल्याकडच्या आघाडीवरच्या विमानांवरून मधला तांबडा ठिपका काढून टाकला होता, कारण जपानी विमानावरही तांबडा गोळाच असे आणि आपल्याच तोफा आपल्याच विमानांवर चालायची धास्ती होती. स्वातंत्र्यानंतर १९५० पर्यंत गोलात अशोकचक्र होतं. २६ जानेवारी १९५० पासून नावातलं ‘रॉयल’ गेलं आणि बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा असा गोल आला.

इथे एक सापळा आहे. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा रंग दिसतच नाही. तो काळा उमटतो आणि निळा फिकट पडतो. त्यामुळे ब्रिटिश गोलाचा तांबडा ठिपका काळाकुट्ट आणि निळं कडं पांढुरकं दिसतं, आणि ‘ही चिन्हं कुठल्या देशाची?’ असा शोध सुरू होतो. आकाश पांढरंफटक आणि माणसांचे ओठ काळे दिसत असतील तर फिल्म ऑर्थो आहे असं धरा आणि रंगांचे तर्क थांबवा.

नागरी विमानावर कंपनीचं नाव वाचा. १ ऑगस्ट १९५३ला राष्ट्रीयीकरण झालं आणि आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स बनली. म्हणून डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया ही नावं दिसली तर फोटो त्याआधीचा, फार तर रंग बदलायला लागलेले काही महिने पुढे. कलिंग एअरलाइन्सच्या नावावर मात्र भिस्त ठेवू नका, ते पुढेही दिसतं. ‘एअर इंडिया’ हे नाव जास्त फसवं. १९४६ ते १९५३ ही देशांतर्गत कंपनी होती, टाटा एअरलाइन्सचं नवं नाव. परदेशी जाणारी ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ १९४८ची. तिच्या नावातलं ‘इंटरनॅशनल’ १९६२ला गळलं. तेव्हा डाकोटावर नुसतं ‘एअर इंडिया’ असेल तर १९५३ आधीचं, आणि ७०७वर नुसतं ‘एअर इंडिया’ असेल तर १९६२ किंवा त्यानंतरचं. खिडक्यांभोवती लाल महिरपी असतील तर फोटो १९७१च्या आधीचा असूच शकत नाही, कारण तो थाट पहिल्या जम्बोबरोबर, म्हणजे ७४७बरोबर आला.

विमानाच्या प्रकारावरून हद्द कशी बसते, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण जेआरडी टाटांचं. १५ ऑक्टोबर १९३२ला ते कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले. या उड्डाणाचा म्हणून जो फोटो हमखास फिरतो त्यातलं विमान बघा. पंख टोकाकडे निमुळते होत असतील तर ते लेपर्ड मॉथ आहे, आणि लेपर्ड मॉथ पहिल्यांदा उडालं तेच १९३३ला. मूळ उड्डाण पस मॉथने झालं, नोंदणी व्हीटी-एडीएन. त्याच्या पंखांची रुंदी मुळापासून टोकापर्यंत जवळपास सारखी. लेपर्ड मॉथ वापरलं ते स्मृतिउड्डाणांत, १९६२ आणि १९८२ला. दुसऱ्या वेळी जेआरडी ७८ वर्षांचे होते, त्यामुळे केसही साक्ष देतात.

नंबर

भारतीय नागरी विमानाचा नोंदणी क्रमांक ‘व्हीटी’ने सुरू होतो आणि पुढे तीन अक्षरं असतात. ही अक्षरं बराच काळ ओळीने दिली गेली, म्हणून त्यांचा पंचांगासारखा उपयोग होतो. पुढची चार उदाहरणं पाठ करून ठेवा: व्हीटी-सीक्यूपी, म्हणजे ‘मलबार प्रिन्सेस’ कॉन्स्टेलेशन, १९४८. व्हीटी-डीएमएन, ‘कांचनजंगा’ ७०७, १९६१. व्हीटी-ईबीडी, ‘एम्परर अशोका’ ७४७, १९७१. व्हीटी-ईपीएन, इंडियन एअरलाइन्सचं ए-३२०, १९८९. नवा नंबर मिळाला की या शिडीवर कुठे बसतो ते बघा. खासगी कंपन्या आल्यावर पसंतीची अक्षरं मिळू लागली आणि ही शिडी मोडली. जेट एअरवेजच्या विमानांत ‘जे’ दिसतो तो त्यामुळे. धूसर फोटोत ओ, क्यू आणि डी, सी आणि जी, पी आणि आर यांच्यात गफलत होते. अशा वेळी एकच वाचन लिहू नका, सगळ्या शक्यता लिहा आणि आकाराशी न जुळणाऱ्या खोडा. सीक्यूपीला सीओपी वाचलंत आणि ते दुसऱ्याच प्रकारचं विमान निघालं, तर दोष नोंदवहीचा नसतो.

वायुदलाच्या नंबरात पुढची अक्षरं प्रकार सांगतात: बीए म्हणजे हंटर, आयई नॅट, आयए मिस्टेअर, आयसी तुफानी, आयएफ बाँबफेकी कॅनबेरा, आयपी फोटो टिपणारं कॅनबेरा, बीडी मरुत, नुसता सी म्हणजे मिग-२१. नौदलाचे नंबर ‘आयएन’ने सुरू होतात. आकड्यांत मध्येच मोठ्या फटी असतात, तेव्हा सर्वांत लहान नंबर सर्वांत मोठ्यातून वजा करून ‘एवढी विमानं होती’ असा हिशेब करू नका.

आता नंबर का फसवतो ते बघू. २०१८ला भारतात आलेल्या, दुरुस्त करून उडत्या केलेल्या ‘परशुराम’ डाकोटावर व्हीपी-९०५ लिहिलेलं आहे. २७ ऑक्टोबर १९४७ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा तो नंबर. पण हे विमान ते नव्हे. हे रॉयल एअर फोर्सचं केएन-३९७, पुढे ब्रिटनमध्ये जी-एएमएसव्ही या नागरी नोंदणीवर उडालेलं. नंबर दिला तो सन्मान म्हणून, त्यात गैर काही नाही. पण नुसत्या फोटोवरून १९४७चा इतिहास या विमानाला चिकटवाल तर फसाल.

उलटं उदाहरण गोव्यात आहे. बोगमाळोजवळच्या नौदलाच्या विमानसंग्रहालयात उभं असलेलं सुपर कॉन्स्टेलेशन आयएन-३१५ आधी वायुदलाचं बीजी-५७९ होतं, आणि त्याआधी एअर इंडियाचं व्हीटी-डीएचएम, नाव ‘रानी ऑफ एलोरा’. वायुदलाकडची ही विमानं १९७६ला नौदलाकडे, दाबोळीला गेली. म्हणजे विमान एकच असून तीन वेगळ्या दप्तरांत त्याच्या तीन फायली. लिबरेटर या बाँबफेकी विमानाचंही तसंच. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममधलं केएन-७५१ आपल्या वायुदलात एचई-८०७ होतं. एकाच नंबरावर शोध घेतलात तर गोष्टीचा एक तुकडाच हाती लागतो.

पट्टी आणि कागद

न बदलणारी गोष्ट एकच, ती म्हणजे कारखान्याचा क्रमांक. तो धातूच्या पट्टीवर ठोकलेला असतो. नागरी विमानाला मुख्य दाराजवळ नोंदणीची आगीत न वितळणारी पट्टीही बसवावी लागते. या दोन पट्ट्या वेगळ्या आहेत, दोन्हींचे फोटो घ्या. अक्षरं गंजली असतील तर पट्टी घासू नका. टॉर्च जवळजवळ आडवी धरून तिरका उजेड टाका, ठोकलेल्या अंकांच्या सावल्या पडतात.

चौकात किंवा शाळेच्या आवारात चौथऱ्यावर बसवलेल्या मिग-२१च्या बाबतीत झाकणांच्या आतल्या बाजूचे ठोकलेले अंक बघा. वेगवेगळ्या झाकणांवर वेगवेगळे अंक असतील तर ते विमान दोन-तीन विमानांच्या भागांतून जुळवलेलं आहे. चौथऱ्यावर चढण्याआधी परवानगी घ्या. लोहगाव, दाबोळी असे तळ चालू आहेत, तिथे कॅमेरा काढायचाच नाही.

बोइंगमध्ये दोन आकडे भेटतात: कारखान्याचा क्रमांक आणि त्या प्रकारातलं कितवं विमान तो क्रमांक. व्हीटी-ईएफओ ‘कनिष्क’चे ते २१४७३ आणि ३३०, म्हणजे बनलेलं ३३०वं ७४७. शिवाय प्रकाराच्या नावातच पहिल्या गिऱ्हाइकाची खूण असते. ३७ म्हणजे एअर इंडिया, म्हणून ७०७-४३७ आणि ७४७-२३७बी. ए-८ म्हणजे इंडियन एअरलाइन्स, म्हणून ७३७-२ए८. ही खूण विमान विकलं तरी बदलत नाही. त्यामुळे भारतीय विमानावर भलतीच खूण दिसली तर ते जुनं विकत घेतलेलं किंवा भाड्याने आणलेलं.

नागरी नोंदणीचं दप्तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे असतं. माहिती अधिकारात विचारायचं तर ‘सगळी माहिती द्या’ असं लिहू नका. एक नोंदणी क्रमांक, आणि त्याची नोंदणीची व रद्द झाल्याची तारीख एवढंच मागा. वायुदलाच्या नंबरांसाठी भारत रक्षक या संकेतस्थळावरच्या याद्या आधी चाळा. ब्रिटिश काळासाठी दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतलं इंडिया ऑफिसचं दप्तर.

घरात वैमानिकाची लॉगबुक असेल तर मात्र तिच्याइतका पक्का कागद नाही. तारीख, प्रकार, नंबर, कॅप्टन, तास असे रकाने त्याच दिवशी भरलेले असतात. नंबराचे बऱ्याचदा शेवटचे तीनच अंक असतात, अक्षरं प्रकारावरून लावून घ्या. वर्तमानपत्रातली बातमी सहसा दुसऱ्या दिवशीची असते, हे विसरून तारीख एक दिवसाने चुकवणारे पुष्कळ. वेळांचाही गोंधळ होतो: १९५५ पर्यंत मुंबईचं घड्याळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होतं, आणि महायुद्धात प्रमाणवेळच तासभर पुढे सरकवली होती. दोन कागदांत नेमका ३९ मिनिटांचा फरक आला तर कुणी खोटं लिहिलेलं नाही, वेळ वेगळी आहे.

शेवटी फोटोखालची ओळ लिहिताना प्रत्येक गोष्टीपुढे ती कशावरून कळली ते लिहा. नमुना असा: ‘सुपर कॉन्स्टेलेशन (चौकोनी खिडक्या, तीन उभे पंख), एअर इंडिया इंटरनॅशनल, म्हणून १९६२ आधी (नावावरून), व्हीटी-डीएच, शेवटचं अक्षर एम किंवा एन (वाचन अपुरं), ठिकाण सांताक्रूझ (मागच्या हस्ताक्षरावरून, पडताळलेलं नाही).’ कंसातला मजकूर गाळून फोटो पुढे पाठवू नका. दुसऱ्या कुणाकडे त्याच दिवसाचा, दुसऱ्या कोनातून काढलेला फोटो असू शकतो, आणि तुमचं नेमकं कुठलं अक्षर तपासायचं हे त्याला त्या कंसावरूनच कळतं.